वेंगनमध्ये सहा दिवस, गुडघे सांभाळून

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनहून सुटणारी गाडी वाटेत तुटते आणि अर्धे डबे एका गावाला, अर्धे दुसऱ्या गावाला जातात, हे मी निघण्याआधी चार ठिकाणी वाचलं होतं. तरी चुकायचं ते चुकलोच. इंटरलाकेन ओस्टला समोर आला त्या डब्यात बॅगा कोंबल्या, खिडकी पकडली, आणि त्स्वाइल्युत्शिनेनला आमचे डबे निवांत ग्रिंडेलवाल्डच्या वाटेला लागले. जायचं होतं लाउटरब्रुनेनला, वेंगनच्या पायथ्याच्या गावी. उलट येऊन गाडी बदलण्यात तासभर गेला. आई म्हणाली, "बरं झालं, हीपण दरी बघून झाली." तुम्ही मात्र चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि ६७ वर्षांची आई. जूनचा शेवटचा आठवडा. मुक्काम सहाही रात्री वेंगनमध्येच, आणि या सहलीत सगळ्यात शहाणपणाचं काही केलं असेल तर तेच. बहुतेक टूरवाले एका दिवसात युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनला नेऊन आणतात. त्या दिवशी नेमकं धुकं असलं, की दोनशे फ्रँकच्या वरचं तिकीट काढून पांढरी भिंत बघायची!

वेंगन १२७४ मीटरवर आहे. गाड्यांचा रस्ता इथपर्यंत येतच नाही, त्यामुळे आपल्या माथेरानची आठवण होते. (खालचं लाउटरब्रुनेनच माथेरानएवढ्या उंचीवर आहे.) लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळाची गाडी पंधरा मिनिटांत वर आणते. भाड्याची कार असेल तर ती खाली पार्किंगमध्ये ठेवावी लागते. स्विस ट्रॅव्हल पास वेंगन आणि दरीपलीकडच्या म्यूरेन गावापर्यंत चालतो, त्याच्या वरच्या गाड्यांना नुसती सवलत मिळते. एकाच भागात राहून रोज वर-खाली करणार असाल, तर निम्म्या दरात तिकिटं देणाऱ्या हाफ फेअर कार्डाचा हिशोबही मांडून बघा.

आमचा नियम एकच होता: सकाळी सहाला उठून चहा ठेवायचा आणि मोबाइलवर शिखरांचे वेबकॅम बघायचे. वर मोकळं असेल तर वर, नाहीतर दरीत. तिकीट त्यानंतरच.

पहिल्याच मोकळ्या सकाळी वेंगनहून केबल कारने मॅनलिखेनच्या डोंगरावर गेलो. तिथून क्लायने शायडेग स्टेशनपर्यंतची पॅनोरमा वाट साधारण साडेचार किलोमीटरची. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आल्प्समध्ये एकच वाट करायची ठरवली, तर ही करावी. उतार हलका, वाट रुंद, आणि समोर डावीकडून आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं ओळीने उभी. आयगरची उत्तर भिंत सुमारे १८०० मीटरची, १९३८ साली पहिल्यांदा सर झाली. इथून ती इतकी जवळ दिसते की माणूस आपसूक बोलायचा थांबतो. पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते: इथे दीड तास. ही वेळ न थांबता चालणाऱ्याची. फोटो, पाणी आणि आईची 'जरा टेकते' धरून आम्हाला तीन तास लागले. तुम्हीही पाटीच्या दुप्पट वेळ धरा आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा.

वाटेत गुरांसाठी तारेचं कुंपण लागतं. त्यात वीज असते. नवऱ्याने 'असेल असं वाटत नाही' म्हणून बोट लावलं आणि टुणकन उडाला. फाटकाला प्लास्टिकची मूठ असते, तीच धरायची आणि आपल्यामागे फाटक पुन्हा लावायचं. समोरून येणारा प्रत्येक जण 'ग्रुएसेख', म्हणजे नमस्कार, म्हणतो. दुसऱ्या दिवसापासून आईच आधी म्हणू लागली.

तिसऱ्या सकाळी सगळे वेबकॅम निळे होते, म्हणून युंगफ्राउयोख केलं. आयगर आणि म्योंखच्या पोटातून जाणारा बोगदा १८९६ ते १९१२ एवढी वर्षं खणत होते. स्टेशन ३४५४ मीटरवर. आईला वर पोचल्यावर जरा गरगरलं. बसून पाणी प्यायल्यावर ठीक झाली, पण तिथे घाई करू नका. तिथली 'आलेच' नावाची हिमनदी बघून डोळे निवतात हे खरंच. तरीही पैसे वाचवायचे असतील तर मी हेच गाळेन, मॅनलिखेन नाही.

आम्ही दोघांनी एक दिवस आयगर ट्रेल केला: आयगरग्लेचर स्टेशनहून आल्पिग्लेन स्टेशन, सहा किलोमीटर, सातशे मीटर उतरण. खुणा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या, म्हणजे डोंगरवाट, चांगले बूट हवेतच. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना अवघड नाही, पण घसाऱ्यावर काठी लागते. जूनमध्ये बर्फ उरलेला असू शकतो, तेव्हा वाट उघडली का ते स्टेशनवर विचारा. आई तेवढा वेळ वेंगनमध्ये चर्चजवळच्या बाकावर बसून खालची दरी बघत होती.

पावसाचा दिवस दरीतल्या ट्र्युमेलबाख धबधब्यांना दिला. हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या आत कोसळतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत ओलं, थंड आणि कानठळ्या बसवणारं. रेनकोट उन्हातही न्या. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत.

खाण्याचं: स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, कारण बाहेर जेवण फार महाग पडतं. पोहे, मेतकूट, खिचडीचं सामान नेलं होतं. तूप, पेढे, खव्याचं काही मात्र नेऊ नका, भारतातून दूध-मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. र्‍योश्टी म्हणजे बटाट्याचा खमंग थर. शाकाहारी असाल तर 'श्पेक' नको असं आधीच सांगा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या. 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेल्या कारंज्याचं नको.

शेवटच्या दिवशी दरीपलीकडच्या ग्रुट्शाल्प स्टेशनपासून म्यूरेनपर्यंत जवळजवळ सपाट वाटेने चाललो, मग डांबरी उतारावरून गिमेलवाल्ड गावात. तिथे दुकानदाराविना चालणारं दुकान आहे: वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. सुट्टी नाणी जवळ ठेवा, आमच्याकडे नव्हती. नऊ फ्रँक होत होते आणि हातात दहाची नोट. नवरा म्हणाला, टाक आणि चल. पण आई पुन्हा आत गेली, एक फ्रँकमध्ये काय बसतं ते शोधायला.