अपस्ट्रीमनं इतिहास बदलला आणि आमच्या मिररनं मान डोलावली

बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपसाठी आम्ही भट्टीचं तापमान, मशीनच्या सायकल वगैरे नोंदवणारं सॉफ्टवेअर करतो. त्यातला मशीनशी बोलणारा भाग आमचा नाही. ती बाहेरची एक ओपन सोर्स लायब्ररी आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ती सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे आमच्या रेपोत (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्यात) दुसरा रेपो म्हणून जोडलेली, आणि तिच्यावर आमचे चार-दोन पॅच, म्हणजे छोटे बदल. टिळकवाडीतल्या ऑफिसात एका जुन्या पीसीवर तिच्या मूळ रेपोचा, म्हणजे अपस्ट्रीमचा, मिरर (तंतोतंत प्रत) ठेवलाय. बेळगावचा पाऊस एकदा लागला की लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, तेव्हा काम अडू नये एवढाच हेतू.

जुलैत एका सकाळी आमच्यातला खानापूरचा पोरगा म्हणाला, "दादा, बिल्ड पडलंय. कमिटच सापडंना की हो."

बिल्ड म्हणजे कोडवरून चालतं सॉफ्टवेअर बनवणं, ते अडलं होतं. एरर 'नॉट अवर रेफ' असा होता; रेफ म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारं नाव. आमच्या सबमॉड्यूलनं ज्या कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलाचा) चाळीस अक्षरी हॅश, म्हणजे ओळखीचा ठसा, धरून ठेवला होता, तो कमिट मिररमध्येच नव्हता. रात्री आपोआप चालणाऱ्या कामाचा (क्रॉनचा) लॉग उघडला, तर मास्टर या मुख्य ब्रांचच्या (शाखेच्या) ओळीपुढे कंसात 'फोर्स्ड अपडेट'. अपस्ट्रीमवाल्यांनी अख्खा इतिहास नव्यानं लिहून फोर्स पुश केला होता, म्हणजे जुन्यावर जबरदस्तीनं चढवला होता. कुठं सूचना नाही, काही नाही.

गिटमध्ये हे एवढं का लागतं? कमिटचा हॅश निघतो तो त्यातल्या फाईली, लेखक, तारीख, संदेश आणि आधीच्या कमिटचा हॅश या सगळ्यांवरून. मागचा एक कमिट हलवला की त्याच्या पुढच्या प्रत्येकाचा हॅश बदलतो. वरून बघावं तर तीच नावं, त्याच तारखा, तेच संदेश. लॉग वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आणि मिररनं हे निमूटपणे कसं घेतलं? क्लोन (रेपोची प्रत) करताना 'मिरर' पर्याय दिला की कॉन्फिगमधल्या फेचच्या, म्हणजे नवं ते आणण्याच्या, ओळीच्या तोंडाशी एक प्लसचं चिन्ह बसतं. ब्रांच सरळ पुढे न जाता भलतीकडे गेली असेल, तरी डोळे झाकून तशीच करून घे, असा त्याचा अर्थ. असा मिरर बेअर रेपो असतो, म्हणजे कामाच्या फाईली नाहीत, नुसता इतिहास; त्यात रेफलॉगही मुळात बंदच असतो, म्हणजे ब्रांच काल कुठं होती याचीही नोंद नाही. एरवी बेवारस ऑब्जेक्ट्स (कुठल्याच ब्रांचला न लागणारे कमिट वगैरे) गिट दोन आठवडे तरी टाकून देत नाही. पण डिस्क लहान म्हणून हा पीसी लावणाऱ्यानं रोज 'प्रून नाऊ', म्हणजे बेवारस ते लगेच टाक, असं घालून ठेवलं होतं. झाडून सगळं साफ.

तरी गिटचा एक गुण मानायला हवा: साधा क्लोन कुठंही असला तरी तो पूर्ण असतो. आमच्या एका गिऱ्हाईकाच्या फाउंड्रीत ट्रायलसाठी ठेवलेला लॅपटॉप होता, त्यावर आम्ही जागेवरच बिल्ड केलं होतं. तिसऱ्या गेटच्या पुलावरून उद्यमबाग गाठली. लॅपटॉपच्या कीबोर्डवर मोल्डिंगच्या वाळूचा काळा थर, स्पेसबार दाबला की करकर वाजतोय. पण सबमॉड्यूलच्या फोल्डरात तो कमिट जसाच्या तसा होता. त्याच्यावर एक ब्रांच काढली, गिट बंडल (इतिहासाची एका फाईलीतली मोट) केलं आणि पेन ड्राईव्हवरून ऑफिसात आणलं. मिररमध्ये टाकल्यावर बिल्ड चालू झालं.

मग नवा इतिहास घ्यायचा की नाही हा प्रश्न. त्याआधी त्यात बदललंय काय ते बघणं आलं. तारीख आणि संदेश जुळवून आमच्या कमिटचा नव्या इतिहासातला जोडीदार शोधला आणि दोघांचे ट्री हॅश (त्या कमिटच्या वेळच्या सगळ्या फाईलींचा ठसा) ताडून पाहिले. एकच. म्हणजे त्या टप्प्यावरचा कोड अक्षरानंही बदललेला नाही. मागं कधीतरी कुणी चाचणीसाठी एक भलीमोठी बायनरी फाईल घातली होती, पुढं काढलीही होती, पण इतिहासात ती बसून होती. तेवढीच खरवडून टाकली होती. 'रिबेस'ला 'ऑन्टू' देऊन आमचे पॅच नव्या कमिटवर चढवले आणि 'रेंज-डिफ'नं जुने-नवे समोरासमोर ठेवून खात्री केली.

यात एका गोष्टीची धास्ती मात्र होती. कुणाचं 'पुल' (नवं आणून आपल्यात जोडणं) मर्जवर लावलेलं असतं आणि त्यानं सवयीनं ते मारलं असतं, तर गिटनं जुना आणि नवा इतिहास मर्ज केला असता, म्हणजे एकत्र जोडला असता. प्रत्येक कमिट दोनदा दिसतो, काढलेली फाईल मागच्या दारानं परत येते, आणि ते पुश झालं की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. म्हणून सगळ्यांना सांगितलं, पुल कुणी करू नका, ताजा क्लोन घ्या.

इतिहास बदलणं पापच आहे असं मी म्हणत नाही. लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीचे बदल एकत्र करणारं लिनक्स-नेक्स्ट कामाच्या दिवशी रोज नव्यानं बांधतात. खुद्द गिटच्या रेपोत 'सीन' नावाची ब्रांच सारखी मागे-पुढे होते. पण ते आधीच जाहीर असतं, त्यामुळे कुणी त्यावर घर बांधत नाही. मास्टरवर सगळे विसंबून असतात. तिथं चूक निस्तरायची तर रिव्हर्ट करावं, म्हणजे ती उलटवणारा नवा कमिट घालावा. जमिनीच्या उताऱ्यावर नाव बदललं तरी मागची फेरफार नोंद राहतेच की, तसं. पासवर्ड किंवा गुप्त की (किल्ली) चुकून रेपोत गेली म्हणून इतिहास पुसणारे तर मला हसू आणतात. ज्यानं उचलायची त्यानं ती कधीच उचललेली असते; आधी ती की रद्द करा.

शिवाय शंका घ्यायलाच हवी. 2011 साली लिनक्स कर्नलचा (गाभ्याचा) कोड ठेवणाऱ्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरवर घुसखोरी झाली, तेव्हा कर्नलच्या इतिहासात गुपचूप हात घालणं अवघड होतं ते या हॅशच्या साखळीमुळे आणि जगभर पसरलेल्या क्लोनमुळे. बदल झाला की प्रत्येकाच्या मशीनवर बोंब व्हावी, हाच त्यातला आधार. आमचा मिरर नेमकी तीच बोंब गिळत होता.

आता मिररची घडण बदलली आहे. फेच करण्याआधी स्क्रिप्ट प्रत्येक ब्रांचचं जुनं टोक टिपून ठेवते आणि फेचनंतर 'मर्ज-बेस'ला 'इज-ॲन्सेस्टर' देऊन ते नव्या टोकाचं पूर्वज आहे का ते विचारते. नसेल तर जुनं टोक तारखेसकट वेगळ्या रेफखाली जातं आणि आम्हाला मेल येतो. इथं एक खाच आहे: मिररची मूळ फेच ओळ सगळेच रेफ कवेत घेते, त्यामुळे फेचचं 'प्रून' चालू असेल तर आपण राखून ठेवलेले रेफही अपस्ट्रीमला नाहीत म्हणून उडतात. फेचची ओळ फक्त हेड्स (ब्रांच) आणि टॅग्स (ठरावीक कमिटना दिलेली नावं) यांच्यापुरती केली तेव्हा ते टिकले. 'प्रून नाऊ' अर्थातच काढलं.

जुने रेफ कधीपर्यंत ठेवायचे यावर आमच्यात एकमत नाही. पोरगं म्हणतं, "दादा, डिस्क भरायलीय की." माझं म्हणणं, त्या कमिटवर बांधलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाईकाच्या भट्टीवर चालू आहे तोवर हात लावायचा नाही. डिस्क मोठी घ्यायची ठरली आहे. कोटेशन अजून यायचं आहे.