धोक्याचा अंदाज: तारीख, टक्का आणि भाजक

"पुढचं युद्ध ड्रोनचं असणार." "चीन तैवानवर कधीही चालून जाईल." "सीमेवर लवकरच मोठं काहीतरी होणार." अंदाज म्हणून ही तिन्ही वाक्यं निरुपयोगी आहेत. ती चुकूच शकत नाहीत, कारण त्यांत मुदत नाही आणि बोलणाऱ्याला किती खात्री आहे तेही नाही. साताऱ्यात १९६१ साली देशातली पहिली सैनिकी शाळा निघाली. अपशिंगे मिलिटरी हे सैनिकांचं गाव याच जिल्ह्यातलं. सातारा-सांगलीच्या भरती अकादम्यांत, सीडीएस या लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या गटांत आणि माजी सैनिकांच्या बैठकीत या गोष्टींवर सतत बोललं जातं. ज्यांच्या घरातलं माणूस सीमेवर आहे, त्यांच्यात हे बोलणं टीव्हीवरच्या आरड्याओरड्यापेक्षा काटेकोर व्हायला हवं, आणि ते होऊ शकतं.

सुरुवात प्रश्न लिहिण्यापासून करायची. चांगल्या प्रश्नात चार गोष्टी लागतात: घटना नेमकी कोणती, कोणत्या तारखेपर्यंत, घडली हे कुणाच्या सांगण्यावरून मानायचं, आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. "भारत-पाक तणाव वाढेल का?" हा प्रश्न नापास. "येत्या ३१ डिसेंबरपर्यंत भारत सरकार नियंत्रण रेषेपलीकडे नवी लष्करी कारवाई केल्याचं जाहीर करेल का?" हा पास. त्याच्यापुढे टक्का लिहायचा. "शक्यता नाकारता येत नाही" असं लिहायचं नाही, कारण त्याचा अर्थ एकाला ५ टक्के वाटतो आणि दुसऱ्याला ६०.

टक्का आणायचा कुठून? आधी इतिहासातून. भारतानं जाहीरपणे मान्य केलेल्या अशा कारवाया २०१६ ते २०२५ या दहा वर्षांत तीन वर्षी झाल्या: २९ सप्टेंबर २०१६ चा सर्जिकल स्ट्राइक, २६ फेब्रुवारी २०१९ चं बालाकोट, ७ मे २०२५ चं ऑपरेशन सिंदूर. म्हणजे कुठल्याही एका वर्षासाठी सुरुवातीचा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास. एका महिन्यासाठी तो जेमतेम ३ टक्के होतो. "या महिन्यात नक्की" म्हणणाऱ्यानं ३ वरून ९० वर जाण्यासाठी काय पुरावा आणला, हे विचारायला हवं.

आता त्या तीन घटना जवळून पाहा. उरीचा हल्ला १८ सप्टेंबरचा, उत्तर ११ दिवसांनी. पुलवामा १४ फेब्रुवारी, उत्तर १२ दिवसांनी. पहलगाम २२ एप्रिल, उत्तर १५ दिवसांनी. तिन्ही वेळा कारण दहशतवादी हल्ला, तिन्ही वेळा अंतर दीड ते दोन आठवड्यांचं. यावरून मोठा हल्ला झाल्याझाल्या टक्का वर न्यायचा आणि पहिल्या तीन आठवड्यांवर जास्त भर द्यायचा, इतपत बरोबर. पण इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. सगळे अंश मोजतात, म्हणजे प्रत्युत्तर दिलं गेलं ते हल्ले; भाजक, म्हणजे एकूण मोठे हल्ले, कुणी मोजत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नगरोटा, फेब्रुवारी २०१८ मध्ये सुंजवान, जून २०२४ मध्ये रियासी: हे हल्लेही झाले आणि त्यांच्यानंतर अशी जाहीर कारवाई झाली नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतरही झाली नाही. हे सगळे भाजकात धरले की "हल्ला झाला म्हणजे प्रत्युत्तर ठरलेलंच" हे वाक्य टिकत नाही. मृतांची संख्या, बळी जवान की पर्यटक, देशात किती क्षोभ आहे, सरकारनं जाहीरपणे काय शब्द दिला आहे, यांनी टक्का वरखाली होतो. प्रत्येक कारणासाठी किती वाढवला ते शेजारी लिहून ठेवावं. फक्त तीन घटनांवर उभा असलेला नियम कच्चाच असतो, म्हणून ९५ च्या पुढे जाण्याचा मोह टाळावा.

क्षमता आणि निर्णय यांचीही अशीच गल्लत होते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेचे ॲडमिरल डेव्हिडसन यांनी सिनेटच्या समितीपुढे तैवानला असलेला धोका पुढच्या सहा वर्षांत प्रत्यक्षात येऊ शकतो असं सांगितलं. तेव्हापासून २०२७ हे साल चिकटलं ते चिकटलंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीआयएचे तेव्हाचे प्रमुख बर्न्स यांनी स्पष्ट केलं होतं की शी जिनपिंग यांनी लष्कराला २०२७ पर्यंत सज्ज राहायला सांगितलंय, याचा अर्थ हल्ल्याचा निर्णय झाला असा होत नाही. आपल्याकडच्या चर्चेत पहिला अर्धा भाग आला, दुसरा गळला. सज्जता आणि निर्णय यांच्यासाठी दोन वेगळे प्रश्न लिहावेत, दोन वेगळे टक्के द्यावेत.

उलट बाजूचा धोका, म्हणजे येणारा हल्ला ओळखताच न येणं, त्याहून वाईट. १९७३ मध्ये इस्रायली गुप्तचरांचं पक्कं गृहीतक होतं की लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं हाती येईपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही. सुएझ कालव्याकाठी जमवाजमव दिसत होती, तिचा अर्थ सराव असा लावला गेला, आणि ६ ऑक्टोबरला हल्ला झाला. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीनंही पाकिस्तानची ती घुसखोरी भारत सरकारला संपूर्णपणे अनपेक्षित होती असं नोंदवलं. म्हणून प्रत्येक अंदाजाखाली एक ओळ सक्तीची ठेवावी: "हे कोणत्या गृहीतकावर उभं आहे आणि काय दिसलं तर ते मोडेल?" ती ओळ लिहिता आली नाही, तर अंदाज अजून तयार झालेला नाही.

तंत्रज्ञानाचा अंदाज बांधताना शस्त्राच्या नावामागे धावू नका, त्याचे सुटे भाग मोजा. २०२० च्या नागोर्नो-काराबाख युद्धात तुर्कस्तानच्या टीबी-२ ड्रोननं रणगाडे टिपले आणि रणगाड्याचा काळ संपला असे लेख सगळीकडे आले. २०२२ मध्ये युक्रेनमध्येही पहिले काही आठवडे तोच देखावा होता. रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा नीट मांडली गेल्यावर ते ड्रोन आघाडीवरून जवळपास दिसेनासे झाले. त्यांची जागा काहीशे डॉलरच्या लहान एफपीव्ही ड्रोननं, म्हणजे चालवणाऱ्याला ड्रोनच्या कॅमेऱ्यातून थेट दिसतं अशा ड्रोननं, घेतली. मग रेडिओ जॅमर आले. त्यावर २०२४ मध्ये रशियानं फायबर ऑप्टिक तारेवर चालणारे ड्रोन मोठ्या प्रमाणावर उतरवले: मागे १० ते २० किलोमीटर तार उलगडत जाते, रेडिओ नाहीच, त्यामुळे जॅम करायला काही उरत नाही. किंमत मोजावी लागते ती रिळाच्या वजनाची; स्फोटक कमी नेता येतं, वेग घटतो, तार झाडाला किंवा विजेच्या तारेला अडकते. ही चढाओढ काही महिन्यांत पालटते. म्हणून एखाद्या ड्रोनच्या नमुन्यावर दहा वर्षांचा अंदाज बांधणं व्यर्थ. जुनं ते बाद, हेही घाईचं: मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोनविरुद्ध आपल्या सुधारलेल्या एल-७० विमानविरोधी तोफा कामी आल्या, आणि त्यांचं मूळ शीतयुद्धाच्या काळातलं आहे.

दहा वर्षं टिकणारा अंदाज बांधता येतो तो पुरवठ्याचा. पलूस-वाळव्यात उसावर फवारणी करणारा १० लिटरच्या टाकीचा ड्रोन उघडून पाहा: ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारी ईएससी, फ्लाइट कंट्रोलर, लिथियम बॅटरी, जीपीएस, रिसीव्हर. लष्करी ड्रोनची मूळ रचना हीच. भारतानं फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुटे भाग आणायला मोकळीक ठेवली. त्यामुळे "स्वदेशी" या शिक्क्याखाली मोटरमधलं चुंबक आणि बॅटरीतला सेल कुठून आला, हे वेगळं विचारावं लागतं. दुर्मिळ मृदा धातूंची शुद्धी आणि त्यांपासून चुंबकं बनवणं, या दोन्हींत चीनचा वाटा सुमारे ९० टक्के आहे. ४ एप्रिल २०२५ ला चीननं सात धातूंवर निर्यात परवाना लावला. त्यांत डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते, जे चुंबकाला जास्त तापमानात टिकवतात, आणि समेरियमही होतं, ज्याची चुंबकं विमानांत व क्षेपणास्त्रांत लागतात. आपल्याकडे पहिली ओरड झाली ती वाहन उद्योगातून. हा धक्का खरं तर अचानक नव्हता. २०१० मध्ये जपानशी वाद झाला तेव्हा चीननं हीच नस दाबली होती.

या बाबतीत कुपवाड, सातारा, किर्लोस्करवाडी इथल्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाची नजर फार उपयोगी पडते. २०२२ पूर्वी अमेरिका १५५ मिमीचे तोफगोळे महिन्याला सुमारे १४ हजार बनवत होती. २०२५ अखेरपर्यंत १ लाखाचं उद्दिष्ट ठेवलं, ते गाठता आलं नाही. पैसा मंजूर होता. पण गोळ्याच्या कवचाला फोर्जिंग प्रेस लागतो, मग हीट ट्रीटमेंट, मशिनिंग, आत भरायला स्फोटक, मागे प्रणोदक म्हणजे गोळा फेकणारी दारू, वर स्फोट घडवणारा फ्यूज. अमेरिकेत टीएनटीचं उत्पादन १९८० च्या दशकातच थांबलेलं. साखळीतली सर्वांत हळू पायरी जेवढी, तेवढंच उत्पादन. मोठा प्रेस मागवला तर बसवून पहिला चांगला माल निघेपर्यंत किती काळ जातो, किती नग रिजेक्ट होतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं "सहा महिन्यांत दुप्पट" अशी बातमी वाचली की टक्का खाली आणावा. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघेल.

उपग्रहाची चित्रं आता फुकट मिळतात, पण डोळा तयार नसेल तर ती फसवतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या रंगीत चित्रात एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे सुखोई-३० एवढं २२ मीटरचं विमान दोन ठिपक्यांत संपतं. त्यावरून विमानाचा प्रकार सांगणारा थापा मारतो. धावपट्टी लांबली, नवे निवारे उठले, डोंगर खोदला, रस्ता पुढे सरकला, एवढं मात्र नक्की कळतं. तुलना एकाच ऋतूतल्या दोन तारखांची करावी; नाहीतर लडाखचा बर्फ वितळलेला असतो आणि बांधकाम वाढल्याचा भास होतो. सराव आधी अशा जमिनीचा करावा जिथं जाऊन पडताळता येतं. ऑगस्ट २०१९ च्या सांगलीच्या महापुराचं सेंटिनेल-१ चं रडार चित्र काढा. ढग असूनही उघड्या शेतातलं पाणी काळं दिसेल, पण उभ्या उसात शिरलेलं पाणी बरंचसं दिसणार नाही. मग कोयना खोऱ्याकडे वळा: डोंगराची उपग्रहाकडची उतरण चमकून आवळली जाते, पलीकडची सावलीत जाते. लडाखच्या दऱ्यांतही रडार हेच करतं. जे दिसलं नाही ते तिथं नाहीच, असं मानायचं नसतं.

गुण द्यायला ब्रायर पद्धत पुरते. टक्क्याला १०० नं भागा (७० टक्के म्हणजे ०.७), घटना घडली तर १ आणि नाही तर ० धरा, फरकाचा वर्ग करा; आकडा जितका कमी तितका अंदाज चांगला. ७० टक्के म्हणालात आणि घडलं तर ०.०९, नाही घडलं तर ०.४९. सगळीकडे ५० टक्के लिहिणाऱ्याला कायम ०.२५ मिळतो, म्हणजे सरासरी त्याच्या खाली आणता आली पाहिजे. अडचण अशी की युद्धाच्या प्रश्नांची उत्तरं वर्षवर्ष येत नाहीत आणि तोवर हात बसत नाही. पावसाळ्यात त्यासाठी कृष्णा आहे. "उद्या सकाळी ८ वाजता आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला किंवा तिच्या वर असेल का?" कोयनेचा विसर्ग, पाणलोटातला पाऊस, वारणेचं पाणी बघून टक्का लिहा, दुसऱ्या दिवशी निकाल हातात. महिनाभरात कळतं की आपले "९० टक्के" दहापैकी नऊ वेळा खरे ठरतात की सहाच वेळा.

गटात काम करताना चर्चेआधी प्रत्येकानं आपला टक्का कागदावर लिहून उलटा ठेवावा. निवृत्त सुभेदारसाहेब आधी बोलले की विशीतली पोरं आपला आकडा गिळतात. सगळे कागद उघडून मधला आकडा गटाचा म्हणून नोंदवावा, मग सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या माणसाला कारणं विचारावीत. चर्चेनंतर आकडा बदलला तर तो नव्या तारखेनं खाली लिहावा, जुना खोडू नये. नवी बातमी आली की बदल बहुधा ५-१० टक्क्यांचा असतो. एकदम ४० नं उडी मारावीशी वाटली, तर ती बातमी दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून पक्की होईपर्यंत एक दिवस थांबावं. मे २०२५ च्या त्या चार दिवसांत दोन्ही देशांत फिरलेले कितीतरी व्हिडिओ जुने, दुसऱ्याच युद्धाचे किंवा थेट व्हिडिओ गेममधले निघाले होते.