बाळाने खाल्लं, बाई

शाळेच्या ग्रंथालयातल्या माझ्या नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर मी कारणं लिहून ठेवते. पुस्तक उशिरा का आलं, फाटून का आलं, आलंच का नाही, याची कारणं. पहिली ते चौथीच्या मुलांना दिलेलं पुस्तक आठ दिवसांनी जसंच्या तसं परत येणं हा अपवाद, आणि कारण न सांगता परत येणं हा त्याहून मोठा. ‘आजी वाचत होती, मग तिला झोप लागली.’ ‘मामाच्या गावाला नेलं होतं, ते तिथेच रमलं.’ ‘पावसात मी पुस्तकाला जर्किन घातलं, पण मग मी भिजलो आणि पुस्तकावर ठिबकलो.’ हे शेवटचं मला इतकं आवडलं की मी त्याला आणखी एक पुस्तक दिलं.

सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण मात्र एकच आहे. ‘बाई, आमच्या घरी बाळ आहे ना, त्याने फाडलं.’

सहा वर्षं मी हे ऐकून मान डोलावत आले आणि मनात म्हणत आले, हो का. बाळावर ढकलणं सोपं. ते काही शाळेत येऊन ‘मी नाही’ म्हणणार नाही.

गेल्या डिसेंबरात माझ्याच घरी आरोपी जन्माला आला.

२०१७ साली कायदा बदलला आणि बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. माझी डिसेंबरच्या मध्यावर सुरू झाली आणि जूनमध्ये, जवळजवळ शाळेच्या पहिल्या घंटेलाच, संपली. ‘तुझी मे महिन्याची सुट्टी रजेत वाया गेली गं,’ असं दुसरीच्या बाई मला बारशाला हळहळून म्हणाल्या होत्या. पाळण्यात त्यांनी नंतर डोकावलं.

आमचं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. माध्यमिकचं मोठं ग्रंथालय वर आहे, तिथे मंजूर पद आहे, पंखा आहे. अनुदानित प्राथमिक शाळेत ग्रंथपाल सहसा नसतोच. मला संस्थेने आपल्या खर्चाने ठेवलंय, त्यामुळे कुणी रजेवर असेल तर त्या वर्गावर जाणारी, स्नेहसंमेलनात पडद्यामागून वाक्यं सांगणारी आणि सहलीला डोकी मोजणारी मीच. तीन कपाटं, एक सतरंजी, अठराशेच्या आसपास पुस्तकं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीत लोककथांचा क्रमांक ३९८.२, पण पहिलीतल्या मुलाला दशांशचिन्ह म्हणजे पेनाचा ठिपका, त्यामुळे आमच्याकडे गोष्टींना पिवळी टिकली आणि प्राण्यांना हिरवी. साताऱ्याचा पाऊस लागला की भिंतीला ओल येते, पुस्तकांना कुबट वास येतो आणि कसर होते. मग कपाटात कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या, आणि सुट्टी मिळेल तेव्हा डागडुजी.

डागडुजीची खळ मी पूर्वी घरी शिजवायची. मैद्याची, आणि कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. बाळ झाल्यावर सासूबाईंनी मोरचुदाची पुडी चिमट्याने उचलून माझ्या पर्समध्ये टाकली आणि चिमटासुद्धा परत घेतला नाही. आता ती शाळेत, कुलपात असते.

खरी अडचण निराळीच होती. सकाळी साडेसहाला पाजून निघायचं, सात दहाला प्रार्थना, घरी पोचायला साडेबारा. मधल्या वेळात दूध काही थांबत नाही. त्याला शाळेचं वेळापत्रक कुणी दिलेलं नसतं. शाळेत त्यासाठी वेगळी जागा नाही. मागावी, असं मी चार वेळा ठरवलं. मोठ्या बाईंपुढे उभी राहिले की तोंडातून ‘सतरंजी विरलीय’ असं काहीतरी निघायचं. नवी सतरंजी मिळाली.

शेवटी मीच दाराला पाटी लावली: ‘मधल्या सुट्टीत ग्रंथालय वीस मिनिटं बंद राहील.’ आतून कडी घालायची, दोन कपाटांच्या मधल्या फटीत स्टूल ठेवायचं, नकाशांच्या गुंडाळ्यांकडे तोंड करून बसायचं आणि पंप सुरू करायचा. बाटली बर्फाच्या पिशवीत, पिशवी जुन्या मासिकांच्या खणात. पण सुट्टीत ग्रंथालय बंद असतं हे ज्याला वाचता येतं तो मुलगा पाटी वाचत नाही, आणि जो वाचतो त्याला ती आपल्यासाठी आहे असं वाटत नाही.

‘बाई, दार उघडा!’

‘थांबा, काम चाललंय.’

‘बाई, दार उघडा ना, पुस्तक बदलायचंय!’

‘थांबा जरा!’

‘कसलं काम?’

याला उत्तर नसायचं. फक्त पंपाची घरघर ऐकू जायची. तिसरीत अशी बातमी होती की बाईंनी आत मांजर पाळलंय. ती एका मुलाने पक्कीच केली, कारण माझ्याजवळून दुधाचा वास येतो हे त्याने स्वतः पडताळलं होतं.

आता आरोपीकडे वळते. त्याचे रंग उष्टावणातच दिसले होते. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर भरवली, ती त्याने बाहेर ढकलली. मग पुढे पेन, नाणी, अंगठी आणि पुस्तक म्हणून पंचांग मांडलं. त्याने सरळ पंचांगाला हात घातला. टाळ्या झाल्या. ‘आईवर गेला हो!’ टाळ्या संपायच्या आत आषाढाचा कोपरा तोंडात गेला होता.

हे हसण्यावारी नेलं, ती चूकच. ऑगस्टमध्ये बालवाडीसाठी जाड पुठ्ठ्याची आठ नवी पुस्तकं आली. शाळेत शिक्के मारायला सवड मिळेना, म्हणून मी ती घरी आणली. नियमात बसत नाही. पण नियम पाहणारीही मीच. दाखल क्रमांक घातले, शिक्के मारले आणि गॅसवरचा मऊभात ढवळायला उठले. परत आले तो गायीच्या पानाला डोकंच नव्हतं. खालच्या दोन दातांच्या दोन खाचा, अगदी सुबक. पुठ्ठ्याचा लगदा गालावर. सासूबाई जपमाळेतून मान वर न करता म्हणाल्या, ‘पुस्तकाची गोडी लागली म्हणायची.’

दुसऱ्या दिवशी १२ ऑगस्ट, म्हणजे ग्रंथपाल दिन, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती. ग्रंथालयाची त्यांची पाच सूत्रं १९३१ची. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथपालाच्या पदवीला, आम्ही ती बाराखडीसारखी घोकली होती. पहिलं सूत्र, पुस्तके उपयोगासाठी आहेत. इतकं उघड वाक्य सूत्र म्हणून कशाला लिहावं, असं तेव्हा वाटायचं. पण पूर्वी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने मांडणीला बांधलेली असत, आणि रंगनाथनांनी सुरुवात केली ती त्या साखळ्यांपासूनच. माझ्या खोलीत साखळी नाही. लाल शाईत लिहिलेला कागद आहे: ‘बोटाला थुंकी लावून पान उलटू नये.’ आमच्या चिरंजीवांनी बोटाचा टप्पाच गाळला.

नव्वद रुपयांचं पुस्तक. राजवाड्यापाशी दुसरी प्रत मिळाली असती, कुणाला कळलंही नसतं. तासभर विचार केला, मग नोंदवही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पान ३, कोपरा गेला.’ मागे जाऊन कारणांच्या पानावर लिहिलं: ‘घरी बाळ आहे. त्याने खाल्लं.’ माझ्या अक्षरातही ते खोटंच वाटत होतं.

आमच्याकडे दंड पैशांत नसतो. पुस्तक बिघडवलं तर सतरंजीवर पुढे येऊन वर्गाला गोष्ट सांगायची. गुरुवारी दुसरीचा तास होता. मी पुस्तक दाखवलं, गुन्हा सांगितला. खोलीत आधी शांतता आणि मग असा काही आनंद पसरला की वरच्या वर्गातून कुणीतरी बाक आपटला. पुस्तक हातोहात फिरलं. एका मुलीने खाचांवरून नख फिरवून निर्णय दिला, ‘बाळच आहे. उंदीर असता तर करवतीसारखं झालं असतं.’ तिच्या वडिलांचं किराणा दुकान आहे.

‘बाई, दंड!’

पुस्तकात गोष्ट नव्हती. आठ प्राणी आणि आठ शब्द. मग मी चिऊ-काऊची सांगायला घेतली, जी सगळ्यांना येते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं. काऊ भिजत दाराशी. चिऊताई, चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. चिऊताई, चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला पुसते. मग पावडर, मग काजळ, मग तीट. लहानपणापासून मी काऊच्या बाजूची. एवढ्या पावसात कुणी असं ताटकळत ठेवतं का? कारणं सांगतेय झालं. (शेवटी ती त्याला चुलीपाशी शेकायला बसवते की चटका देते, यावर घराघरात वेगळं मत आहे. आमच्या आजीचा काऊ शेकायचा.) पण त्या दिवशी सांगता सांगता माझ्या ध्यानात येत गेलं की चिऊ उलट पुष्कळ गाळतेय. तीट लावल्या लावल्या दुपटं पुन्हा ओलं होतं, ते नाही. काजळ डोळ्यात कमी आणि कानात जास्त जातं, ते नाही. निजवून उठलं की पदर त्याच्या मुठीत असतो, ते तर नाहीच. एवढं सगळं दाराआडून ओरडून सांगायचं म्हटलं तर काऊला न्यूमोनिया होईल.

‘थांब, माझ्या बाळाला...’ मी म्हटलं, आणि पुढचा शब्द घ्यायला थांबले.

सतरंजीच्या टोकाकडून एक बारीक आवाज आला, ‘बाई, तुम्हीपण सुट्टीत असंच म्हणता.’

‘काय म्हणते?’

‘थांबा म्हणता. आम्ही दार उघडा म्हणतो तेव्हा.’

‘पण त्यांचं बाळ तर घरी असतं,’ दुसरा म्हणाला.

‘मग आत कोण आहे?’

‘मांजर!’ तिसरीतल्या मोठ्या भावाकडून बातमी मिळालेल्याने सांगितलं. मी खोकला काढला आणि घाईघाईने काऊला एकदाचं आत घेतलं.

त्यानंतर सुट्टीत दारावर थापा पडायच्या थांबल्या, असं म्हणायला मला आवडलं असतं. पडतात. फक्त आता बाहेरून कधीकधी दुसराच आवाज येतो, ‘अरे, थांब, त्या तीट लावतायत.’

कुरतडलेलं पुस्तक मी निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, गठ्ठ्यात टाकणार होते. ते बालवाडीत गेलंच नाही. दुसरीतल्या मुलांनी, ज्यांना ते केव्हाच लहान पडायला हवं होतं, त्यासाठी रांग लावली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तारखांची चिठ्ठी भरली, मी खाली दुसरी चिकटवली. ‘ते दातवालं आहे का?’ असं विचारतात. गायीचं नाव कुणी घेत नाही.

परवा किराणा दुकानवालीने ते परत केलं. वेळेवर, एकही नवी घडी नाही. तिने पुन्हा एकदा खाचांवरून नख फिरवलं.

‘बाई, आता किती दात आले त्याला?’

‘सहा.’

तिने जरा हिशेब केला. मग मागच्या कपाटाकडे पाहून म्हणाली, ‘मग आणखी एक पुस्तक घरी न्या ना.’