तुम्ही विचारलंत म्हणून : एकटीने, परक्या देशात

“एकटीने परदेशी जायला भीती नाही वाटत?” ऑफिसात विचारतात. आत्या विचारते. माझा आजार ज्यांना ठाऊक आहे ते आवाज थोडा खाली आणून विचारतात आणि त्यांचा प्रश्न पुढे लांबतो: “तिकडे मध्येच तुझं ते सुरू झालं तर? भानावर येशील तेव्हा कुठे असशील तू?” काळजीपोटी विचारतात हे मला कळतं. म्हणून एकदा सविस्तर उत्तर लिहिते आहे.

माझ्या आजाराचं नाव डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. आम्ही डीआयडी म्हणतो. पूर्वी याला मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणायचे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये ते नाव बदललं, पण सिनेमावाल्यांनी जुनंच धरून ठेवलं आणि त्याला एक खुनी जोडून दिला. स्किझोफ्रेनियाशीही लोक गल्लत करतात. तो वेगळा आजार आहे. डीआयडीच्या मुळाशी बहुतेकदा अगदी लहान वयात, वारंवार झालेला अत्याचार असतो. ‘मी’ पुरती घडायच्या आतच न सोसवणारं काही घडत राहिलं, तर मन ती भीती, तो राग, त्या आठवणी एकत्र येऊ देत नाही. मग त्या आपापल्या नावाने, आपापल्या वयाने आत राहतात आणि कधीकधी पुढे येऊन कारभार हाती घेतात. त्या वेळात काय झालं ते इतरांना आठवेलच असं नाही. माझ्या लहानपणी काय झालं ते इथे लिहिणार नाही. घरात झालं, एवढंच तुमच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लागतं.

कारण तुमच्या प्रश्नात घर सुरक्षित आणि परदेश धोक्याचा, हे आधीच धरलेलं आहे. माझ्या शरीराला ते पटत नाही. सांगलीत आमच्या वाड्याच्या जिन्याला ओलसर वास येतो, त्या वासाने मी अजून सुन्न होते. दुपारी जेवणं झाल्यावर घर शांत होतं, ती शांतता मला अजून सोसत नाही. एका ठरावीक तऱ्हेचं खाकरणं ऐकलं की हात गार पडतात, मग तो माणूस रस्त्यावरचा पूर्ण अनोळखी का असेना. गावात मी चार पावलं चालले तरी यातलं काहीतरी भेटतंच. परक्या गावाला माझ्याबद्दल काही माहीत नसतं. तिथल्या जिन्यांना वेगळा वास असतो. आणि परक्या भाषेत मला कुणी कधी धमकावलेलं नाही.

“मग सोबत कुणाला तरी ने,” हा पुढचा सल्ला. सोबत कुणी असलं की मला दिवसभर एकच माणूस दिसत राहावं लागतं. ते काम मी वर्षानुवर्षं ऑफिसात करते, आठ तास, आणि घरी येऊन कोसळते. चोवीस तास ते जमत नाही. दाबून ठेवलेले सगळे मग रात्री एकदम वर येतात, तेही सोबतीच्या माणसासमोर, ज्याला काय करायचं ते माहीत नसतं. “तू कुठे एकटी, तुम्ही तर एवढ्या जणी!” असंही हसून म्हणतात. कृपा करून म्हणू नका. आत जे आहेत ते माझी करमणूक म्हणून आलेले नाहीत.

मागच्या वेळी मी फ्रान्सला गेले, बोर्दोला. तिथेच का, त्यालाही कारण आहे. १८८६ मध्ये तिथल्या सँत-आंद्रे इस्पितळात एक गॅस कंपनीतला कामगार दाखल झाला, आल्बेर दादास नावाचा, वय सव्वीस. कुणाच्या तोंडून एखाद्या गावाचं नाव कानावर पडलं की हा माणूस उठून चालायला लागायचा, दिवसाला सत्तर-सत्तर किलोमीटर. अल्जेरिया, व्हिएन्ना, मॉस्को, कॉन्स्टँटिनोपल इतक्या लांब तो पोहोचला होता. भानावर यायचा तेव्हा जवळ कागदपत्रं नसायची आणि इथवर कसे आलो ते सांगता यायचं नाही. कधी तुरुंग, कधी फ्रेंच वकिलातीची मदत, असं करत घरी परतायचा. फिलिप तिस्ये या तरुण डॉक्टरने त्याला संमोहनाखाली बोलतं केलं, तेव्हा विसरलेले प्रवास मुक्कामांच्या नावांसकट बाहेर आले. १८८७ मध्ये तिस्येने त्यावर प्रबंध लिहिला. आज ज्याला डिसोसिएटिव्ह फ्यूग म्हणतात त्याच्या वैद्यकीय अभ्यासाची सुरुवात या रुग्णापासून मानतात.

आल्बेरला माझा आजार होता असं मी म्हणत नाही. पण डीआयडीतही माणूस अचानक भलत्याच ठिकाणी स्वतःला सापडतो, आणि हे दुर्मिळ नाही. मी अशी स्वारगेटला सापडले आहे, हातात मी न काढलेलं तिकीट घेऊन. म्हणजे तुम्ही विचारता ती भीती खोटी नाही. फक्त ती परदेशाची भीती नाही. ती निघताना आपल्याला कुणी न विचारण्याची आहे. आल्बेर निघायचा तेव्हा त्याला कुणी विचारलेलं नसायचं. माझ्या प्रवासाची सगळी तयारी म्हणजे आतल्या प्रत्येकाला विचारणं.

हे विचारणं एका वहीत चालतं. ती वही सगळ्यांची आहे, अक्षरं वेगवेगळी आहेत. आत एक थोरला आहे, तो राखणदार. त्याचा प्रवासाला ठाम विरोध होता. त्याने लिहिलं, “तिकडे काही झालं तर आपल्याला शोधायला कोण येणार?” मी वाद घातला नाही, अटी विचारल्या. त्याने त्या दिल्या: खोली तळमजल्यावर नको. दाराला आतून कडी हवी. अंधार पडल्यावर नव्या गावात उतरायचं नाही. विमानात कडेची जागा. दारू नाही. पुरुष यजमानाच्या घरी मुक्काम नाही. सगळ्या मान्य केल्या, कारण सगळ्या शहाणपणाच्या होत्या. एक धाकटी आहे, सहा वर्षांची. तिला रात्री दिवा चालू हवा होता आणि पाण्यात खेळायचं होतं. आणि एक ऑफिसवाली आहे, तिला फक्त काम हवं असतं. व्हिसाची फाइल तिने केली. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा काढावा लागतो, आणि त्याला निदान तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. तो घेताना तिने बारीक अक्षरं वाचली हे फार बरं झालं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्याचं बंधन घातलं, पण प्रवासविम्यात ‘आधीपासूनचा आजार’ वगळलेला सापडतो. त्यामुळे तिकडे उपचार लागलेच तर खर्च आपल्यालाच करावा लागणार, हे आधी माहीत असलं की पैसे बाजूला ठेवता येतात.

अडचण भाषेची होती. ऑफिसवालीला उत्तम इंग्रजी येतं. धाकटीला फक्त मराठी, तेही सांगलीचं. ती स्टेशनात पुढे आली तर? म्हणून फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाईंकडून एक कार्ड लिहून घेतलं: मला मधूनमधून काही आठवेनासं होतं, मी कुणाला इजा करणार नाही, कृपया मला हात लावू नका, शांतपणे बसू द्या, गरज वाटली तर या क्रमांकावर फोन करा. आजाराचं नाव मी मुद्दाम घातलं नाही. ते वाचून समोरच्याला सिनेमा आठवतो, आणि त्या क्षणी मला त्याची मदत हवी असते. फोनच्या लॉक स्क्रीनवर मात्र मराठीत, मोठ्या अक्षरात: “आपण फ्रान्समध्ये आहोत. आपण मोठ्या झालो आहोत. तो इथे नाही. वही पिशवीत आहे.”

सगळ्यात अवघड भाग विमानतळ. तो परदेशातला नव्हे, आपला मुंबईचा. सुरक्षा तपासणीत बायकांना पडद्याआड नेऊन अंगावरून हात फिरवतात. नियम आहे, बाईच तपासते, पटकन आटोपतं. पण पडदा ओढला जाणं आणि कुणीतरी हात लावणं, हे दोन्ही एकत्र आलं की आत काय होतं ते मी शब्दांत पुरतं सांगू शकत नाही. त्याची तालीम आम्ही थेरपिस्टच्या खोलीत केली, दाराचा पडदा ओढून. कोण उभं राहणार ते ठरवलं: ऑफिसवाली. धाकटीने त्या वेळी कुठे थांबायचं ते ठरवलं. प्रत्यक्षात तिथे पोचल्यावर मी तपासणाऱ्या बाईंना हळूच म्हटलं, “मॅडम, हात लावण्याआधी सांगाल का?” त्या म्हणाल्या, “हो, सांगते. आता खांदे. आता पाठ.” त्यांना कारण माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. या प्रवासात मला भेटलेल्या माणसांपैकी त्यांना मी सर्वात जास्त मानते.

विमानात झोप झाली नाही. झोपमोड झाली की माझी लक्षणं वाढतात, म्हणून पॅरिसला रात्रभर विश्रांती घेऊनच पुढची गाडी पकडली. २०१७ पासून वेगवान गाडीने बोर्दो दोन तासांवर आलं आहे. सँत-आंद्रेचं इस्पितळ अजून चालू आहे, इमारत १८२९ ची, समोर उंच खांब. मी समोरच्या चौकात उभी राहिले आणि आत सगळ्यांना आल्बेरची गोष्ट सांगितली. थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्याला वकिलातीने परत पाठवलं. म्हणजे कुणीतरी होतं.” पॅरिसच्या भारतीय दूतावासाचा पत्ता आपल्या फाइलीत आहे, हे मी त्याला पुन्हा सांगितलं.

आणि हो, जे व्हायची तुम्हाला भीती वाटते ते झालं. एका दुपारी ट्राममध्ये होते. मागून कुणीतरी मराठीत लहान मुलावर ओरडलं: “गप बस, नाहीतर घरी गेल्यावर बघतो!” एवढंच. पर्यटक असतील, दमलेला बाप असेल, त्याने पुढे काही केलंही नसेल. त्यानंतरचं मला आठवत नाही. मी भानावर आले तेव्हा गारोन नदीच्या काठी बाकावर बसलेली होते, तोंडात आलेपाकाची वडी. तिखट चवीने माणूस वर्तमानात परत येतो म्हणून ती नेहमी जवळ असते. मांडीवर वही उघडी. थोरल्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: “ट्राममध्ये आपल्या भाषेत कुणीतरी पोराला ओरडलं. मी उतरवलं. धाकटी रडली, आता ठीक. पासपोर्ट आतल्या खिशात. हॉटेल नदीच्या याच बाजूला.”

प्रवासाला ठाम नकार देणाऱ्यानेच आम्हाला उतरवून सुरक्षित बसवलं होतं. तो आमच्या विरोधात नव्हता, त्याला विचारलेलं हवं होतं. पुण्यात रात्रीचे आठ वाजले तेव्हा तिथे साडेचार होते. ठरल्या वेळेला थेरपिस्टचा फोन आला आणि मी त्यांना ती नोंद वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या जलदर्पणावर गेलो. ग्रॅनाइटची मोठी फरशी, तिच्यावर दोन सेंटिमीटर पाणी, मधूनच धुकं सोडतात. २००६ मध्ये बांधलंय. धाकटी मनसोक्त खेळली. चप्पल हातात घेऊन पाणी उडवणारी मध्यमवयीन बाई पाहून तिथे कुणालाच नवल वाटलं नाही, कारण निम्मं बोर्दो तेच करत होतं. या वेळी मी आतून सगळं बघत होते आणि मला सगळं आठवतंय.

आता ज्यांना हाच आजार आहे आणि “मला जमेल का?” असं विचारतात, त्यांच्यासाठी. मधल्या वेळात काय झालं ते वारंवार आठवेनासं होत असेल, स्वतःला इजा करून घ्यावीशी वाटत असेल, आत एकमेकांशी बोलणंच सुरू झालं नसेल, तर इतक्यात जाऊ नका. उपचारांचा पहिला टप्पा स्थैर्याचा असतो, आठवणींचं काम त्यानंतर येतं आणि प्रवासही त्यानंतरच. आधी साताऱ्याला एक रात्र राहून या. डीआयडीवर म्हणून कुठलं औषध नाही, पण नैराश्य, चिंता, झोप यांची औषधं चालू असतील तर ती हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, औषधाचं जेनेरिक नाव असलेल्या प्रिस्क्रिप्शनसह. युरोपात आणीबाणीला ११२. फ्रान्समध्ये आत्महत्येचे विचार आले तर ३११४, दिवसरात्र, मोफत. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

आणि पासपोर्टवरचं नाव आत प्रत्येकाला सांगा, पुन्हा पुन्हा. खिडकीपलीकडचा अधिकारी त्या नावाने हाक मारेल तेव्हा पुढे जी असेल तिने “हो” म्हणायला हवं. सहीचा सराव सगळ्यांनी करा. आमच्या वहीची शेवटची दोन पानं त्या एकाच सहीने भरली आहेत. धाकटीने केलेली अजून नीट येत नाही, तेव्हा सहीच्या वेळी ऑफिसवाली पुढे राहते.