नुवेंच्या ट्रॅकवर छातीला कॅमेरा बांधून

बेळगावहून पहाटे चोर्ला घाटाने निघालो. साखळीला चहा, मग पणजी, झुआरीचा नवा पूल आणि मडगावच्या अलीकडे नुवें. मोटारी पळवायला गोव्यात कायमचा रेस ट्रॅक नाही, म्हणून कार्टिंगवर, म्हणजे छोट्या, उघड्या, बुटक्या गाड्या पळवण्यावर, हौस भागवायची. सोबत मामेभाऊ, एक अ‍ॅक्शन कॅमेरा आणि मित्राकडून उसना आणलेला काडेपेटीएवढा जीपीएस लॉगर, म्हणजे जागा आणि वेग नोंदवणारं यंत्र.

पहिली फजिती गाडीतून उतरतानाच झाली. एसीत गार पडलेला कॅमेरा बाहेर काढला आणि भिंगावर धुकं साचलं. गोव्याची हवा दमट, त्यामुळे शेवटची पंधरा मिनिटं एसी बंद करून काचा खाली घ्या. दुसरी फजिती हेल्मेटची. त्यावर कॅमेरा अडकवायचा चिकट माउंट मी सकाळी लावला होता. तो चोवीस तास आधी लावायचा असतो, हे पाकिटावरच छापलंय. हात लावताच निघाला. तसाही त्याचा उपयोग नव्हता. "बाब, हेल्मेटाक कॅमेरो लावपाक मेळचो ना," तिथल्या पोराने स्वच्छ सांगितलं. पडलात तर तो कॅमेरा डोक्यालाच लागतो, त्यामुळे वाद घालू नका. छातीचा पट्टा चालतो का, हे आधी फोन करून विचारा.

आम्हाला छातीचा पट्टा चालला आणि तोच बरा ठरला. कार्टला सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग, नसतं. चौकटीला कॅमेरा लावला की चित्र जेलीसारखं थरथरतं. छातीवर शरीरच धक्के पचवतं, शिवाय स्टीअरिंग आणि हात दिसतात. व्हिडिओ ४केमध्ये नको, १०८० रिझोल्यूशन आणि सेकंदाला ६० फ्रेम पुरे. रांगेत उन्हात उभं असताना कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून कार्टमध्ये बसल्यावरच सुरू करा.

आता आकड्यांचं. फोनमधला जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो. ताशी ५० किमी वेगात तेवढ्यात कार्ट १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे हेअरपिन, ते उलटं फिरवणारं तीव्र वळण, दोन-तीन ठिपक्यांत उरकलं! लॉगर सेकंदाला १० नोंदी घेतो, ठिपके दीड मीटरभर अंतरावर पडतात. तो खिशात कोंबू नका. पट्ट्याच्या मागच्या बाजूला, खांद्याजवळ, आभाळ दिसेल असा अडकवा आणि उपग्रह सापडेपर्यंत पाच मिनिटं थांबा. व्हिडिओशी जुळवायला सोपी युक्ती: उभ्या कार्टपासूनच दोन्ही सुरू ठेवा. चाक हलतं ती फ्रेम आणि वेग शून्यावरून उठतो तो बिंदू एकत्र आणले की काम झालं.

संध्याकाळी मडगावात शीतकडी (भात आणि कालवण) जेवताना लॅपटॉप उघडला. माझी जी फेरी व्हिडिओत झकास दिसत होती, मागची चाकं घसरवत, कर्कश्श आवाज करत मारलेली, ती लॉगरच्या आलेखात सगळ्यात मंद निघाली. जिचा व्हिडिओ बघताना जांभई येत होती, ती पाऊण सेकंदाने पुढे. घसरताना हेअरपिनमध्ये वेग ताशी २४ किमीपर्यंत पडला होता, गुपचूप फेरीत तो २९ होता. आणि तो फरक पुढच्या सरळ पट्ट्यावर शेवटपर्यंत भरून निघाला नाही.

"दादा, तू वळायच्या आधी फारच उशिरा ब्रेक मारतोस," मामेभाऊ भात कालवत म्हणाला. त्याच्या बोटाचं हुमण (माशांचं कालवण) माझ्या आलेखावर सांडलं. लॅपटॉप जेवण झाल्यावर काढा.