व्यसनमुक्तीची शपथ आणि पंक्चरचे सोल्यूशन

दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त, फेऱ्या निघतात, मुले शपथ घेतात आणि पाहुणे भाषणे करतात. मला या कार्यक्रमांचे वावडे नाही. परंतु ज्या मुलाला खरा धोका असतो तो बहुधा त्या फेरीत नसतोच, आणि ज्याच्या गल्ल्यावरून नशेची वस्तू विकली जाते, त्याला तर कोणी बोलावतही नाही.

इंदूरच्या पश्चिम भागातील आमच्या वसाहतीत गणेशोत्सव मंडळाच्या पुढाकाराने जी व्यसनप्रतिबंधक समिती उभी राहिली, तिच्या बैठकीला मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी पंक्चरवाला बसतो, तो याचसाठी. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळले, आणि मदतीची गरज असलेल्या अशा मुलांची संख्या सुमारे ४.६ लाख असल्याचा अंदाज निघाला. पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनची ट्यूब, जी हुंगून नशा केली जाते आणि जिला रस्त्यावरची मुले ‘सुलोचन’ म्हणतात, तिच्यावर बंदी घालता येत नाही, कारण सायकलला ती लागतेच. त्यामुळे पंक्चरवाल्याने एवढेच कबूल केले की लहान मुलाच्या हाती सुटी ट्यूब द्यायची नाही; सायकल आणा, चिकटवून मी देतो. मात्र आपण नाही दिली तर पोरगा पुढच्या चौकातून घेईल, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मग पुढच्या चौकातल्या दुकानदारालाही बैठकीला आणावे लागले.

अमेरिकेत १९९७ च्या कायद्यानुसार अशा स्थानिक आघाड्यांना सरकारी अनुदान मिळते, आणि त्यांत पालक, शाळा, पोलीस, व्यापारी, धर्मसंस्था असे बारा घटक असावे लागतात. आपल्याकडे ही यादी मंडळाच्या वर्गणीच्या वहीत तयारच असते. तिच्यात एकही घर, एकही दुकान सुटलेले नसते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि ते अंतर आमच्या कार्यकर्त्यांनी मंडपाच्या टेपने मोजले. दोन टपऱ्या आत सापडल्या. एक मागे सरकली, दुसरीचे मालक अजून हुज्जत घालत आहेत.

सर्वांत अवघड काम घरातले आहे. मुलाला पुण्याला मावशीकडे धाडले की संगत सुटते, हा आमच्या मराठी घरांतला आवडता इलाज, आणि तिकडे काय होते ते मावशीच जाणे! पोलिसांच्या भीतीने कित्येक पालक गप्प बसतात. वास्तविक अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, अल्प प्रमाणातील प्रकरणात जो व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक समितीने जिन्याजिन्यात लावला आहे, म्हणजे शेजाऱ्यांना न विचारता तो टिपून घेता येतो.

सध्या वाद मैदानाचा आहे. लग्नसराईत ते भाड्याने दिले जाते आणि संध्याकाळी मुलांना खेळायला जागाच उरत नाही. ते उत्पन्न सोडायला वसाहतीची कार्यकारिणी अद्याप राजी नाही.