सप्तमाचा सब आणि कार्डावरची वेळ

कन्या लग्नाची पत्रिका, मुलगी बत्तिशीला टेकलेली, प्रश्न विवाहाचा. वडिलांनी प्रसूतिगृहाचं कार्ड सोबत आणलं होतं; त्यावर सकाळी 7.35 ही वेळ. "गुरुजी, वेळ पक्की आहे, डॉक्टरांच्या हातची आहे," असं त्यांनी बसताबसताच सांगितलं. याच वेळेवरून आधी दोन ज्योतिषांची उत्तरं झाली होती. एकाने केतू महादशेतल्या शुक्राच्या अंतर्दशेत लग्न होणार म्हणून सांगितलं. त्या काळात स्थळ आलं, बोलणी झाली आणि मोडली. दुसऱ्याने विवाहयोगच नाही असं सांगितलं. घर त्या दुसऱ्या उत्तराने खचलं होतं.

कार्डावरच्या वेळेला सप्तम भावारंभ, म्हणजे विवाहाच्या घराची सुरुवात, मीन राशीत 21 अंश 50 कलांवर येतो, म्हणजे रेवती नक्षत्रात रवीच्या सबमध्ये. ज्योतिषाच्या ज्या कृष्णमूर्ती पद्धतीने मी पाहतो, तिच्यात 13 अंश 20 कलांच्या नक्षत्राचे ग्रहांच्या विंशोत्तरी दशावर्षांच्या प्रमाणात नऊ भाग पाडतात; त्या प्रत्येक भागाला सब म्हणतात. शुक्राची 20 वर्षं म्हणून त्याचा सब 2 अंश 13 कला 20 विकलांचा. रवीची 6, म्हणून त्याला जेमतेम 40 कला. आपल्या अक्षांशावर कन्येच्या त्या भागात एक अंश उगवायला साधारण सव्वाचार मिनिटं लागतात. म्हणजे रवीचा हा सब तीन मिनिटांच्या आतच संपतो. प्रसूतिगृहात वेळ बहुधा पाचाच्या पटीत लिहिली जाते, कधी नाळ कापल्यावर, कधी बाळ पुसून झाल्यावर. 7.35 हा आकडाच सांगत होता की तो मिनिटाला बरोबर नसणार.

रवी व्ययात म्हणजे 12व्या भावात, उत्तरा फाल्गुनीत म्हणजे स्वतःच्याच नक्षत्रात, आणि व्ययभावारंभ सिंहेत असल्याने व्ययेशही तोच. सगळं मिळून तो एकट्या 12व्या भावाचा कार्येश, म्हणजे त्याच भावाचं फळ देणारा. विवाहाला 2, 7, 11 हे भाव हवेत. 1, 6, 10, 12 विरोधात जातात. त्या वेळेला 'योग नाही' हे उत्तर नियमाला धरूनच होतं. प्रश्न होता वेळेचा.

सव्वा मिनिट मागे गेलं की सब शुक्राचा, पावणेदोन मिनिटं पुढे गेलं की चंद्राचा. तीन उमेदवार, तीन वेगळी आयुष्यं. हवा तो निकाल देणारा सब निवडणं इथे फार सोपं असतं, आणि पद्धतीची बदनामी त्यानेच होते. म्हणून आधी रूलिंग प्लॅनेट्स काढले, म्हणजे पत्रिका पाहतानाच्या क्षणाचा वार, चंद्राची रास आणि नक्षत्र, उदित लग्न आणि त्याचं नक्षत्र यांचे स्वामी. सोमवार, चंद्र वृषभेत रोहिणी नक्षत्री, उदित लग्न कर्क, लग्नबिंदू पुष्यात. चंद्र तीनदा, शुक्र आणि शनी एकेकदा, रवी कुठेच नाही. चंद्राचा सब धरून वेळ 7.37 ते 7.41च्या दरम्यान सरकवली. मग धाकट्या भावाचा जन्म तृतीयाच्या सबशी आणि नोकरीत रुजू झाल्याची तारीख दशमाच्या सबशी ताडून पाहिली. दोन्ही जुळल्यावरच पुढे गेलो. निदान दोन घडून गेलेल्या घटना तपासल्याशिवाय शुद्ध केलेल्या वेळेवर भाकीत करू नये.

चंद्र वृश्चिकेत 7 अंश 24 कलांवर, द्वितीयात, लाभाचा म्हणजे 11वा भावारंभ कर्केत म्हणून लाभेश. नक्षत्र अनुराधा, नक्षत्रस्वामी शनी पंचमात, 5 आणि 6 यांचा मालक. सब केतूचा. केतू अष्टमात खरा, पण रोहिणीत, चंद्राच्या नक्षत्रात, आणि शुक्राच्या राशीत. शुक्र लाभात बसलेला. 2, 5, 11 स्पष्ट, सोबत 6ची खोच. होणार, पण उशिरा.

इथे अयनांशाकडे, म्हणजे निरयन अंश काढण्यासाठी सायन अंशांतून वजा करायच्या फरकाकडे, नीट पाहा. लाहिरी अयनांश कृष्णमूर्तींच्या अयनांशापेक्षा सुमारे 6 कलांनी जास्त आहे. सॉफ्टवेअरमध्ये लाहिरी ठेवला तर हाच चंद्र 7 अंश 18 कलांवर येतो आणि त्याचा सब बुधाचा होतो, कारण केतूचा सब 7 अंश 20 कलांना सुरू होतो. शिवाय शनीची जन्मदशा 19 वर्षांची असल्याने 6 कलांच्या फरकाने पुढच्या सगळ्या दशा सुमारे 52 दिवस सरकतात. विदशा, म्हणजे अंतर्दशेचे पोटभाग, काढणाऱ्याला हा फरक परवडत नाही.

बुधाच्या महादशेच्या 17 वर्षांत लग्न का झालं नाही तेही दिसलं. बुध चित्रात, मंगळाच्या नक्षत्रात. मंगळ लग्नात, 3 आणि 8चा मालक. बुध स्वतः 1 आणि 10चा. ती वर्षं शिक्षणात आणि नोकरीत गेली. शुक्राबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तिथे अनुभवी माणूसही फसतो. शुक्र लाभात, द्वितीयेश, विवाहाचा कारक, केतूच्या नक्षत्रात: वरवर पाहता याहून चांगला ग्रह नाही. पण तो सिंहेत 5 अंश 10 कलांवर, म्हणजे मघात मंगळाच्या सबमध्ये. नक्षत्रस्वामी कोणत्या विषयाचं फळ ते सांगतो, सब ते पदरात पडेल की नाही ते. मंगळ 1, 3, 8चा. म्हणून स्थळ आलं आणि मोडलं.

रवीची अंतर्दशा चालू होती, ती तशीच जाईल असं सांगितलं. पुढची चंद्राची अंतर्दशा 210 दिवसांची. तिच्यात राहूची विदशा साडेएकतीस दिवसांची. राहू द्वितीयात चंद्राशी युतीत, म्हणून चंद्राचाच प्रतिनिधी. शेवटाकडे केतूची सव्वाबारा दिवसांची. गुरू, शनी, बुध तिघेही मंगळाच्या नक्षत्रात, म्हणून वगळले. शुक्राची 35 दिवसांची विदशा आधीच्याच कारणाने सोडली. सव्वाबारा दिवसांत रोहिणी, हस्त, श्रवण या चंद्राच्या नक्षत्रांपैकी एक तरी येतंच. दिवस त्यातला धरायचा.

साखरपुडा राहूच्या विदशेत झाला. नोंदणी विवाह केतूच्या विदशेत, चंद्र हस्तात असताना. जेवणावळ कार्यालय मिळेल तेव्हा, त्यानंतर.

वडिलांना पत्रिकेवर 7.37 ते 7.41 अशीच वेळ लिहून दिली, एकच मिनिट दिलं नाही. एवढ्या अंतरात पंचमाचा सब बदलू शकतो. संततीचा प्रश्न येईल तेव्हा ही वेळ आणखी बारीक करावी लागेल, आणि त्यासाठी विवाहाची नोंदणीची तारीख हा एक पक्का पुरावा आता हाताशी आहे.